डोळे न मिटणारे पगारे काका

प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे असतात. मी उघडले. माझी पहिली चूक ती, आणि नंतरच्या सगळ्या तिच्यातूनच निघाल्या.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या पलीकडे एका ट्यूशन क्लासच्या खोलीत दर रविवारी आमची संगती भरते. संगती म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची छोटीशी उपासना. चर्चची इमारत नाही, घंटा नाही. फळ्यावर शनिवारचं गणित अर्धवट पुसलेलं असतं, त्याच्यापुढे उभे राहून आमचे पास्टर बोलतात. एक ढोलकी, टाळांची एक जोडी आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेली घरं. त्या दिवशी सगळे डोळे मिटून प्रार्थनेत होते आणि मला उगाच वाटलं की मागून कोणीतरी बघतंय. मी वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर, दाराला लागून, पगारे काका ताठ बसले होते. डोळे सताड उघडे. आमची नजरानजर झाली. त्यांनी एक भुवई उचलली, जणू मलाच विचारत होते की तू का उघडलेस.

मी पटकन डोळे मिटले. पण त्यानंतर माझं प्रार्थनेत लक्ष लागलं नाही. त्या रविवारी नाही, आणि पुढचे कितीतरी रविवार नाही.

पगारे काका ठाण्याच्या बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण अंगातला तपासनीस निवृत्त झाला नव्हता. कोणाशी बोलताना उजव्या हाताची दोन बोटं आपोआप पुढे यायची, तिकीट मागितल्यासारखी. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाकडे ते आधी पायांपासून बघायचे, मग चेहरा. ‘‘चप्पल बघून कळतं कोण घाईत आहे आणि कोण पळतोय,’’ असं म्हणायचे. मी बाळकुमला औषधांच्या गोदामात नोकरी करतो हे कळल्यावर त्यांनी मला त्या रस्त्यावरचे सगळे थांबे क्रमाने म्हणून दाखवले होते, इमारती उभ्या राहण्याआधीच्या नावांनी. फोन उचलला की हॅलो नाही, ‘‘बोला.’’ आणि वाद रंगात आला, समोरचा लाल झाला, की एकदम हात हलवून, ‘‘चला, पुढे चला.’’ तिथे विषय संपला. मग तुम्ही कितीही शास्त्रवचनं काढा, ते खिडकीबाहेर बघणार.

ते ख्रिस्ती नव्हते. बौद्ध होते, आणि ते लपवत नव्हते. आमच्यातले कोणी ‘‘प्रभूची स्तुती असो, काका’’ म्हणालं, की ते हसून ‘‘जयभीम, जयभीम’’ म्हणायचे. ख्रिस्ती झाल्या होत्या त्यांच्या पत्नी, शकुंतलाबाई. किरकोळ अंगाच्या, हळू बोलणाऱ्या, पण गायला लागल्या की खोलीतला पंखाही थांबून ऐकतोय असं वाटायचं. दर रविवारी त्यांचं एक गाणं ठरलेलं. टाळ त्यांच्याच हातात. आंबिवलीहून रिक्षा बदलत दोघं यायची, आणि काका त्यांच्या शेजारी, मागच्या बाकावर, उपासना संपेपर्यंत बसायचे.

प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचं, ताट आलं की त्यातलं काही न घेता दोन्ही हातांनी अदबीने पुढे द्यायचे. आमेनच्या बाबतीत त्यांचा नियम वेगळाच होता. एकदा माझ्या बायकोने, रूथने, त्यांना विचारलं, ‘‘काका, तुम्ही मधूनच आमेन म्हणता आणि मधूनच गप्प बसता, असं का?’’

‘‘अगं, आमेन म्हणजे तसंच होवो ना? तुझ्या भावाला नोकरी लागो म्हणाले, मलाही वाटतं लागो. म्हटलं आमेन. सगळं जग प्रभूच्या पायाशी येवो म्हणाले, ते मला नाही वाटत. मग खोटं कशाला बोलू? सही करण्याआधी वाचायला नको?’’

रूथ दिवसभर हसत होती. मला हसू आलं नाही.

पास्टर माझ्याहून वयाने लहान, भाबडे, चटकन माणसावर विश्वास टाकणारे. आमच्याकडे साक्ष देण्याची रीत आहे. कोणीतरी उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. एका रविवारी पास्टर म्हणाले, ‘‘आज पगारे बंधू साक्ष देतील.’’ त्यांना वाटलं असावं, एवढे दिवस येतायत, आता फळ पिकलं असेल.

काका उठले. ‘‘देतो. पण माझी साक्ष उलटी आहे. मी ख्रिश्चन का नाही, ते सांगतो. चालेल?’’

लोक हसले. पास्टरही हसले आणि मान हलवून बसले.

‘‘माझा बाप सिन्नरकडचा,’’ काका म्हणाले. ‘‘गावात त्याची विहीर कुठली, वाट कुठली, बसायचं कुठे, सगळं जन्मावरून ठरलेलं. दीक्षा घेऊन घरी आला तेव्हा त्याने मला मांडीवर घेऊन एकच सांगितलं, पोरा, आपल्या जन्मात काही खोट नाही. हे त्याला कळायला अर्धं आयुष्य गेलं. आता तुम्ही म्हणता, माणूस जन्मतःच पापी. मला माहितीये पास्टर, तुम्ही एकट्या मला नाही म्हणत, सगळ्यांनाच म्हणता. तुमचा अर्थही वेगळा असेल. पण ते वाक्य माझ्या तोंडातून निघणार नाही. बापाने एवढ्या मेहनतीने पुसलेलं मी परत लिहू का?’’

खोलीत कोणी हसलं नाही.

‘‘दुसरं म्हणजे माझी आई. तिने येशूचं नाव ऐकलंच नाही. लोकांची बाळंतपणं केली, कोणाचं वाईट चिंतलं नाही, आणि गेली. ती कुठे असेल तुमच्या हिशोबाने?’’

पास्टर म्हणाले, ‘‘देव न्यायी आहे, काका. त्यांचं तो बघेल.’’

‘‘बघेल ना? मग माझंही बघेल. तुम्ही घाई करू नका. आणि हो, ही बाई इथे गाते, आनंदात राहते, त्याबद्दल तुमचे सगळ्यांचे उपकार आहेत. ते मनापासून. तिसरं कारण पण आहे, पण ते घरचं आहे. राहू दे. चला, पुढे चला.’’

ते बसले. घरी जाताना रूथ म्हणाली, ‘‘इतकी खरी साक्ष आपल्याकडे कोणी दिली नव्हती रे.’’ माझ्या आजोबांनी नगरकडे बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती. म्हणजे मला कोणी कधी कारण विचारलंच नव्हतं. काकांची दोन कारणं ऐकून मला समजलं की माझ्याकडे एकही तयार नाही. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. त्यापेक्षा सोपं होतं ते केलं. तिसरं कारण काय असेल, याचा संशय घ्यायला लागलो.

दिवसही संशयाचेच होते. आजूबाजूला कुठे कुठे संगती बंद पाडल्याच्या गोष्टी आमच्यात कुजबुजत फिरायच्या. नवा माणूस आला की त्याचं स्वागत करता करता आम्ही त्याच्या हातातल्या मोबाईलकडे बघायचो. त्यात काकांचं वागणं मला दर रविवारी नवीन दिसायला लागलं. ते प्रार्थनेत डोळे मिटत नाहीत. दाराशीच बसतात. मधूनच शकुंतलाबाईंना दंडाला धरून बाहेर नेतात, जिन्यात बराच वेळ काहीतरी कुजबुजतात, आणि परत येतात तेव्हा बाईंचा चेहरा उतरलेला असतो. उपासना संपली की काका खालच्या चहाच्या टपरीवर थांबतात, आणि तिथे बंटी आणि त्याची पोरं असतात. बंटी म्हणजे त्या गल्लीतला पुढारी होऊ घातलेला मुलगा. आम्ही जिना चढताना तो कधी काही बोलायचा नाही, फक्त बघत राहायचा.

एकदा जिन्यात मी काकांना गाठलं.

‘‘काका, तुम्ही मानत नाही, तर येता कशाला?’’

‘‘हिला आणायला.’’

‘‘मग खाली चहा पीत बसा ना. आत कशाला बसता?’’

‘‘बघायला,’’ ते म्हणाले.

‘‘काय बघायला?’’

त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. ‘‘तुम्हाला सगळ्यांना.’’

मला एवढंच हवं होतं.

त्यानंतर एका रविवारी, प्रवचन चालू असताना, बंटी आणि चार-पाच पोरं जिना चढून दारात आली. एकाच्या हातात मोबाईल, चित्रण चालू. ‘‘काय चालू आहे इकडे? कोणाला काय वाटताय? कोणाकोणाला ख्रिश्चन बनवलं?’’ पास्टर जागच्या जागी उभे राहिले. बायकांनी मुलं जवळ ओढली. तेवढ्यात बंटीची नजर मागच्या बाकावर गेली आणि तो म्हणाला, ‘‘काय काका.’’

अगदी ओळखीच्या आवाजात. शेजाऱ्याला म्हणावं तसं.

काका उठले, त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला खाली घेऊन गेले. पोरंही मागोमाग गेली. थोड्या वेळाने काका एकटेच वर आले, जागेवर बसले, आणि पास्टरांना हाताने खूण केली, चालू ठेवा. पोरं परत आली नाहीत. दुसऱ्या कोणी असतं तर त्यांचे आभार मानले असते. माझ्या डोक्यात मात्र ‘‘काय काका’’ एवढंच घुमत राहिलं.

आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते. पुढच्या रविवारी सामूहिक प्रार्थनेत माझी पाळी आली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी मोठ्याने म्हणालो, ‘‘हे प्रभू, आमच्यात बसून आमच्या गोष्टी बाहेर नेणारा जो घरभेदी आहे, त्याला तू उघड कर. आम्ही डोळे मिटतो तेव्हा कोणाचे उघडे असतात, ते तू जाणतोस.’’

आमच्या लोकांना ही खोड आहे. तोंडावर बोलायची हिंमत नसली की आम्ही ते प्रार्थनेत घालतो. मग तो आरोप राहत नाही, विनंती होते, आणि तिच्यावर सगळे आमेन म्हणतात. म्हणालेही. काही जण तर जरा जोरातच.

‘‘सुहास,’’ मागून आवाज आला. ‘‘देवाला कशाला पत्ता विचारतोस? मी मागेच बसलोय.’’

मी वळलो. म्हणालो, ‘‘मी कोणाचं नाव घेतलेलं नाही, काका.’’

‘‘तेच म्हणतोय. घे ना.’’

मी घेतलं नाही. पास्टरांनी ‘‘काका, बसा ना’’ असं काहीतरी पुटपुटलं. काकांनी बायकोकडे पाहिलं. ‘‘चल शकू.’’

‘‘माझं गाणं राहिलंय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘घरी म्हण.’’

‘‘घरी टाळ कुठंय?’’

एवढं बोलून त्यांनी हातातले टाळ बाकावर ठेवले, आवाज होऊ नये अशा बेताने, आणि उठल्या. दोघं जिना उतरल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर ती दोघं आली नाहीत. टाळ दुसऱ्या कोणी घेतले नाहीत. रूथ माझ्याशी जेवणाखाण्यापुरतं बोलायची. एकदा म्हणाली, ‘‘तुझ्या शंकेपायी त्या बाईचा रविवार गेला.’’ मी म्हणालो, ‘‘माझी शंका खरी असेल तर?’’ ती म्हणाली, ‘‘मग जाऊन विचार. प्रार्थना नको करूस.’’

मी काकांकडे गेलो नाही. आधी बंटीकडे गेलो. एका संध्याकाळी टपरीवर तो एकटा होता. मला बघून तोच म्हणाला, ‘‘काय हो, ते काका दिसत नाहीत आजकल?’’

‘‘तुमची चांगली ओळख होती वाटतं,’’ मी म्हणालो.

‘‘ओळख म्हणजे काय, आम्ही विचारायचो, ते सांगायचे. कोण येतं, काय करतात, सगळं. एकदम सीधा माणूस. त्या दिवशी खाली आणून आमची अशी उतरवली ना. म्हणाले, अरे, मी इतके महिने आत बसतोय, मला नाही कोणी ख्रिश्चन केलं, तुला काय करणार? मी का नाही झालो त्याची कारणं त्यांना तोंडावर सांगितली, त्यांनी चहा पाजला. तू तुझी सांग, तुलाही पाजतील.’’ बंटी हसला. ‘‘आम्ही म्हटलं, जाऊ दे यार. तुमच्यातला कोणी बोलला असता तर नसतं ऐकलं. ते तुमच्यातले नव्हते ना.’’

म्हणजे माझी शंका खरी होती. काका आमच्या गोष्टी बाहेर सांगत होते. आणि ते सांगत होते म्हणूनच आमची संगती चालू होती.

तरी डोळ्यांचं कोडं राहिलंच होतं. आंबिवलीला त्यांच्या घराची बेल वाजवताना माझ्या मनात, खरं सांगतो, अजूनही थोडी आशा होती की निदान त्या बाबतीत तरी मी बरोबर निघेन.

काकांनी दार उघडलं. चपला पाहिल्या, चेहरा पाहिला. ‘‘बोला.’’

आत बसवलं. शकुंतलाबाईंनी पाणी आणलं, समोर बसल्या, रूथची चौकशी केली. मी काय बोलावं ते जुळवत होतो. काका माझ्याकडे बघतच नव्हते, त्यांची नजर बाईंच्या मांडीवरच्या डाव्या हातावर होती. बोलता बोलता त्या हाताचा अंगठा हलायला लागला, बारीक, तार छेडल्यासारखा. काका झटकन उठले, त्यांना धरून सतरंजीवर कुशीवर निजवलं, डोक्याखाली उशी सरकवली. मग त्यांचं सगळं अंग थरथरायला लागलं. मी घाबरून उभा राहिलो.

‘‘बस,’’ काका म्हणाले. ‘‘काही करायचं नसतं. थांबेल.’’

थांबलं. त्या झोपी गेल्यावर त्यांनी पांघरूण घातलं आणि तिथेच जमिनीवर बसून माझ्याशी बोलले.

‘‘हे माझं तिसरं कारण. तुमच्या आधी आम्ही दुसऱ्या एका संगतीत जायचो. तिथे एकदा अशीच फिट आली, तर दहा जणांनी डोक्यावर हात ठेवून आरडाओरडा केला. भूत आहे म्हणाले. मग म्हणाले गोळ्या बंद करा, विश्वास कमी पडतो. हिने ऐकलं. मरता मरता वाचली. तिला देव सोडवत नव्हता आणि मला तिला एकटीला सोडवत नव्हतं. म्हणून तुमच्याकडे मी डोळे उघडे ठेवून बसायचो. एक डोळा हिच्या अंगठ्यावर, दुसरा तुमच्यावर. अंगठा हलला की बाहेर न्यायचो, तुम्हाला कळायच्या आत. अर्धी गोळी वेळेवर मिळाली तर पुष्कळदा टळतं.’’

‘‘आम्ही तसं केलं नसतं, काका.’’

‘‘माहीत नाही. मी पण तुमच्यावर संशयच घेत होतो. तू माझ्यावर, मी तुझ्यावर. फरक एवढाच की मी प्रार्थना नाही केली.’’

मी हात जोडले. म्हणालो, माझी चूक झाली. काकांनी दोन बोटं पुढे करून मला थांबवलं.

‘‘इथे नको. जिथे बोललास तिथे बोल. आणि देवाच्या आडून नको. डोळे उघडे ठेवून, माझ्याकडे बघून. तेवढं करणार असशील तर हिला एकदा घेऊन येतो. मुलीकडे कायमचं जायचंय आम्हाला, नाशिकला. जायच्या आधी हिला तिथे गायचंय. रोज म्हणते.’’

तो त्यांचा आमच्याकडचा शेवटचा रविवार. ती दोघं आली आणि मागच्याच बाकावर बसली. रूथने टाळ नेऊन शकुंतलाबाईंच्या हातात दिले. पास्टर म्हणाले, ‘‘आज सुहास साक्ष देणार आहे.’’

मी उठलो. सवयीने काही जणांनी डोळे मिटले. मी म्हणालो, ‘‘डोळे उघडे ठेवा.’’ मग बंटीने सांगितलेलं सगळं सांगितलं. आजारपणाबद्दल बोललो नाही, ते त्यांचं घरचं होतं. शेवटी म्हणालो, ‘‘आमच्याकडून काकांवर अन्याय झाला.’’

मागून दोन बोटं वर आली. ‘‘आमच्याकडून म्हणजे किती जणांकडून?’’

शकुंतलाबाईंनी नवऱ्याच्या बाहीला हात लावला, पण ते माझ्याकडेच बघत होते.

‘‘माझ्याकडून,’’ मी म्हणालो. ‘‘तुमच्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती, म्हणून मी तुमच्यावर संशय घेतला. तोंडावर बोललो नाही, प्रार्थनेत घातला. काकूंचा रविवार मी हिरावला. काका, मला माफ करा.’’

पास्टर, आणि त्यांच्या मागे सगळे, आमेन म्हणाले. काका म्हणाले नाहीत. त्यांनी हात हलवला. ‘‘चला, पुढे चला.’’

शकुंतलाबाईंनी टाळ वाजवून गाणं म्हटलं, पूर्ण, सगळी कडवी. मग पास्टर म्हणाले, प्रार्थना करू या. मी जागेवर बसणार, तोच काकांनी मला बोटाने मागे बोलावलं. सरकले आणि बायकोच्या बाजूची जागा मला दिली.

‘‘डावा अंगठा,’’ ते कानात म्हणाले. ‘‘तोच बघायचा.’’

खोलीभर डोळे मिटले गेले. मी उघडे ठेवले. तो हात टाळांवर शांत पडून होता. प्रार्थना लांबली. आमेन झालं तेव्हा मी पहिल्यांदा मान वळवून पलीकडे पाहिलं. पगारे काकांनी भिंतीला डोकं टेकलं होतं. दोन्ही डोळे मिटलेले, तोंड जरा उघडं, आणि ते गाढ झोपले होते.